भर उन्हातील चेहरा : छायाचित्रणातील पूरक प्रकाशाविषयी

आपल्या समाजातील बहुतेक घरांत छायाचित्रांचा जो ठेवा असतो, त्यातील फार मोठा भाग उघड्यावर आणि दिवसाउजेडी टिपलेला असतो. शाळेचे स्नेहसंमेलन, जयंतीची मिरवणूक, विहाराचा पायाभरणी समारंभ, वसतिगृहात मुलाला भेटायला आलेले आईवडील, निरोप समारंभानंतर पायऱ्यांवर ओळीने उभा राहिलेला दहावीचा वर्ग. या प्रसंगांची वेळ छायाचित्रकाराला विचारून ठरत नाही. दहाचा कार्यक्रम साडेअकराला सुरू होतो, पाहुण्यांची भाषणे लांबतात, आणि ‘चला, एक फोटो होऊन जाऊ द्या’ असे कोणी म्हणते तेव्हा सूर्य माथ्यावर आलेला असतो. पुढे ते छायाचित्र हातात पडते. पांढरी साडी, पांढरा सदरा, मागची कमान, कमानीवरील अक्षरे, सारे लख्ख दिसते. ज्यांच्यासाठी छायाचित्र घेतले, त्यांचे डोळे मात्र दिसत नाहीत. भुवयांखाली दोन काळे खड्डे, नाकाखाली मिशीसारखी सावली, हनुवटीखाली अंधार.

ही बाब क्षुल्लक नाही, असे आमचे मत आहे. ज्या घरांत पिढ्यान् पिढ्या छायाचित्रे निघत आली, त्यांचे एखादे छायाचित्र बिघडले तर फारसे अडत नाही. परंतु ज्या घरात आजीचे एकुलते एक छायाचित्र आहे, आणि तेही अशाच कुठल्यातरी समारंभातील घोळक्यात टिपलेले आहे, त्या घरातल्या नातवंडांना आजीचे डोळे कसे होते हे त्या एका कागदावरूनच कळणार असते. म्हणून या लेखात आम्ही एकाच तंत्राचा सविस्तर विचार करणार आहोत : भर उन्हात फ्लॅशचा वापर. इंग्रजीतून आलेला ‘फिल फ्लॅश’ हा शब्द आता सर्वत्र रूढ आहे. आम्ही त्याला पूरक प्रकाश म्हणू.

दिवसा फ्लॅश लावणे म्हणजे सूर्यापुढे काजवा, असे पुष्कळांना वाटते. फ्लॅशचा जन्मच मुळी अंधारासाठी झाला, हे खरे आहे. १८८७ मध्ये जर्मनीत मॅग्नेशियमची जळणारी भुकटी छायाचित्रणासाठी तयार झाली, आणि थोड्याच काळात जेकब रीस यांनी न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीतील कोंदट, काळोख्या खोल्या तिच्या उजेडात जगाला दाखवल्या. पुढे काचेचे बल्ब आले. १९३० च्या दशकात हॅरॉल्ड एजर्टन यांच्या प्रयोगांमधून झेनॉन वायूची नळी पुढे आली, आणि आजच्या फ्लॅशमध्ये तीच आहे. परंतु भर उन्हात आपल्याला सूर्याशी स्पर्धा करायची नसते. सूर्याने जिथे सावली टाकली आहे, तेवढीच जागा उजळायची असते, आणि तीही थोडीशीच.

प्रथम सूर्याची गोष्ट समजून घेऊ. चेहऱ्यावर सावली कशी पडेल, हे सूर्य क्षितिजापासून किती उंच आहे यावर ठरते. ६ डिसेंबरला मुंबईत माध्यान्हीचा सूर्य सुमारे ४८ अंशांवरच असतो. तो समोरून तिरपा येतो आणि भुवयांच्या आड पोहोचतो, त्यामुळे त्या दिवसाची छायाचित्रे बरी येतात. १४ ऑक्टोबरला नागपुरात तो सुमारे ६० अंशांवर जातो. १४ एप्रिलला तेथेच तो ७८ अंशांवर असतो. वैशाख पौर्णिमेच्या सुमारास तर तो जवळजवळ काटकोनात डोक्यावर येतो. मे महिन्याच्या मध्याच्या आसपास पुण्या-मुंबईत आणि महिन्याच्या अखेरीस नागपुरात ‘शून्य सावलीचा दिवस’ येतो. त्या दिवशी माध्यान्ही उभ्या काठीची सावली तिच्या पायाशीच विरते. काठीची सावली नाहीशी होते, पण माणसाच्या चेहऱ्यावर त्या क्षणी सर्वांत गडद सावली असते, कारण कपाळ, नाक आणि गालफडे हेच त्या सूर्याचे छप्पर होतात. आपले दोन मोठे उत्सव नेमके याच हंगामात येतात, हे छायाचित्रकाराने पंचांगासारखे लक्षात ठेवावे. माध्यान्ह म्हणजे घड्याळातील बारा नव्हे, हेही ध्यानात असू द्यावे. एप्रिलमध्ये नागपुरात ती सव्वाबाराच्या सुमारास येते, तर मुंबईत साडेबारा उलटल्यावर.

आता मोजमाप. छायाचित्रणात प्रकाश ‘स्टॉप’ या मापाने मोजतात. एक स्टॉप वाढला म्हणजे प्रकाश दुप्पट झाला आणि एक स्टॉप घटला म्हणजे निम्मा झाला. स्वच्छ दिवशी थेट उन्हाचा प्रकाश आणि निळ्या आकाशाकडून सावलीत उतरणारा प्रकाश यांत साधारण तीन स्टॉपचे अंतर पडते, म्हणजे सावलीत उन्हाच्या आठव्या हिश्शाइतकाच उजेड असतो. आपल्या डोळ्यांना हा फरक जाणवत नाही. डोळा क्षणोक्षणी जुळवून घेतो, आणि मेंदूला आईचा चेहरा ठाऊकच असतो. कॅमेऱ्याला ती सवलत नाही. तो एकाच वेळी एकच नोंद करतो. उन्हातले कपडे नीट घ्यावेत तर सावलीतले डोळे जातात, डोळे घ्यावेत तर कपडे कोरे पांढरे होतात.

त्यात आपल्याकडे आणखी एक अडचण मिसळते. कॅमेऱ्याचा मीटर समोरच्या दृश्याला मध्यम करडे समजतो, म्हणजे सुमारे १८ टक्के प्रकाश परत पाठवणारे. पांढरे धुतलेले कापड याच्या चौपट-पाचपट प्रकाश परत पाठवते. सावळी त्वचा त्या मध्यम करड्याच्या आसपास किंवा त्याहून खाली येते, काळी त्वचा त्याच्या निम्म्यावरही जाते. समारंभात पांढऱ्या वस्त्रांतील पन्नास माणसे समोर बसली की मीटर त्या पांढऱ्याला घाबरतो आणि सगळेच अंधारे करतो. म्हणजे चेहरा दोनदा मागे सारला जातो : एकदा सूर्याकडून, एकदा यंत्राकडून.

‘आमचे चेहरे फोटोत चांगले येत नाहीत’ असे म्हणणाऱ्या पुष्कळ वडीलधाऱ्या स्त्रिया आम्हाला भेटल्या आहेत. दोष चेहऱ्याचा नाही, हे त्यांना सांगायला हवे, आणि त्याला इतिहासाचा आधार आहे. १९५० च्या दशकापासून अमेरिकेत कोडॅक कंपनी रंगीत छपाई करणाऱ्या प्रयोगशाळांना नमुन्याचे एक चित्र पाठवीत असे. त्यात गोऱ्या वर्णाची एक तरुणी असे, आणि तिच्या नावावरून त्या नमुन्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. तिची त्वचा योग्य उतरली म्हणजे छपाई योग्य झाली, असा दंडक होता. गडद त्वचेतील छटा त्या फिल्मवर नीट उतरत नसत. फ्रेंच दिग्दर्शक जाँ-लुक गोदार यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात मोझांबिकमध्ये काम करताना याच कारणासाठी कोडॅकची फिल्म वापरण्यास नकार दिला होता. कॅनडातील अभ्यासक लॉर्ना रॉथ यांनी या साऱ्याचा मागोवा घेतला, तेव्हा आणखी एक गोष्ट पुढे आली. फिल्ममध्ये तपकिरी रंगाच्या छटा सुधाराव्यात यासाठी जो दबाव आला, तो काळ्या माणसांच्या तक्रारींपेक्षा लाकडी फर्निचर आणि चॉकलेट विकणाऱ्या व्यापाऱ्यांकडून अधिक आला होता. डिजिटल कॅमेऱ्यात फिल्म राहिली नाही, पण अनेक वर्षांच्या त्या सवयी यंत्रांत आणि माणसांतही उरल्या आहेत.

माणसांतल्या सवयीविषयी येथेच बोलून टाकू. लग्नाच्या किंवा समारंभाच्या अल्बममध्ये चेहरे संगणकावर गोरे करून देणे, ही आपल्याकडे जणू सेवाच मानली जाते. एका वर्गमित्राच्या विवाहाच्या अल्बममध्ये त्याचे वडील आम्हाला ओळखू आले नव्हते. आयुष्यभर उन्हात राबलेल्या त्या माणसाचा रंग छायाचित्रकाराने न विचारताच पुसून टाकला होता. पूरक प्रकाशाचे काम ते नव्हे. सावळा चेहरा सावळाच राहावा, काळा काळाच राहावा, फक्त त्यातील डोळे, सुरकुत्या आणि ओठांची रेघ दिसावी, एवढ्यासाठीच हा प्रकाश आहे. म्हणूनच तो किती द्यावा हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

तंत्राचा गाभा एकाच गोष्टीत आहे. फ्लॅश लावून उन्हात घेतलेले छायाचित्र म्हणजे एकाच वेळी घेतलेली दोन छायाचित्रे असतात. एक सूर्याच्या प्रकाशाचे, दुसरे फ्लॅशच्या प्रकाशाचे. सूर्याचा प्रकाश अखंड वाहतो, म्हणून शटर जितका वेळ उघडे राहील तितका तो आत येतो. फ्लॅशची चमक सेकंदाच्या हजाराव्या भागात किंवा त्याहूनही आधी संपते, त्यामुळे शटर थोडे अधिक वेळ उघडे राहिले काय किंवा कमी वेळ राहिले काय, तिला फरक पडत नाही. भिंगातील छिद्र, म्हणजे ॲपर्चर, मात्र दोघांनाही सारखेच आवरते. म्हणून सूर्य आणि फ्लॅश यांचे प्रमाण बदलायचे असेल तर दोनच दोऱ्या आपल्या हातात राहतात : शटरचा वेग आणि फ्लॅशची ताकद.

पैकी पहिल्या दोरीला गाठ आहे. बहुतेक कॅमेऱ्यांत शटर म्हणजे दोन पडदे असतात. एक सरकून उघडतो, दुसरा त्याच्या मागोमाग सरकून मिटतो. वेग फार वाढला की पहिला पडदा पूर्ण उघडण्याआधीच दुसरा निघालेला असतो, आणि फ्लॅश चमकते तेव्हा चित्राचा एक पट्टाच उघडा सापडतो. उरलेला भाग फ्लॅशविना राहतो. ज्या कमाल वेगापर्यंत हे घडत नाही, त्याला सिंक स्पीड म्हणतात. तो साधारण १/२०० किंवा १/२५० सेकंद असतो. गंमत अशी की पूर्वी स्टुडिओंमधून दिसणाऱ्या याशिका मॅट १२४जी सारख्या दोन भिंगांच्या कॅमेऱ्यांत शटर भिंगाच्या आतच असल्यामुळे ही अडचण नव्हती. ते १/५०० सेकंदालाही फ्लॅशशी जुळत. भर उन्हात फ्लॅश वापरण्याच्या बाबतीत ते जुने डबे आजच्या अनेक महागड्या कॅमेऱ्यांपेक्षा सरस होते.

आता प्रत्यक्ष आकडे घेऊ. स्वच्छ उन्हासाठी जुना आडाखा असा : ॲपर्चर एफ १६ ठेवावे आणि शटरचा वेग आयएसओच्या आकड्याइतका. आयएसओ १०० असेल तर साधारण १/१२५ सेकंद आणि एफ १६. हेच माप १/२५० आणि एफ ११ असेही मांडता येते. आम्ही दुसरी जोडी निवडतो, कारण छिद्र मोठे झाल्यामुळे फ्लॅशची पोहोच वाढते आणि सूर्य मात्र वाढत नाही. आयएसओ वाढवून काही साधत नाही. तो दोघांनाही सारखाच वाढवतो आणि मग छिद्र पुन्हा बारीक करावे लागते. तेव्हा उन्हात आयएसओ सर्वांत खाली, शटर सिंक स्पीडवर, आणि उरेल ते ॲपर्चर, असा क्रम बांधून ठेवावा.

फ्लॅश किती अंतर गाठेल हे तिच्या गाइड नंबरवरून कळते. त्या आकड्याला ॲपर्चरच्या आकड्याने भागले की मीटरमध्ये अंतर मिळते. कॅमेऱ्यावर बसवायच्या मध्यम फ्लॅशचा गाइड नंबर ३६ धरला, तर एफ ११ ला ३६ भागिले ११, म्हणजे सुमारे सव्वातीन मीटरवर ती उन्हाच्या बरोबरीचा प्रकाश देईल. आपल्याला बरोबरी नको आहे. एक स्टॉप कमी हवा असेल तर तीच फ्लॅश साडेचार मीटरवरून पुरते, दोन स्टॉप कमी हवा असेल तर साडेसहा मीटरवरून. कॅमेऱ्यातूनच वर उघडणाऱ्या छोट्या फ्लॅशचा गाइड नंबर १२ च्या आसपास असतो. ती एफ ११ ला जेमतेम एक मीटरवर बरोबरी करते आणि दोन स्टॉप कमी ठेवले तर दोन मीटरपर्यंत उपयोगी पडते. एका माणसाच्या छातीपर्यंतच्या छायाचित्राला तेवढे पुष्कळ झाले. खोक्यावर छापलेला गाइड नंबर बहुधा फ्लॅशचा झोत अगदी अरुंद केल्यावरचा असतो, हे विकत घेताना विसरू नये.

एक स्टॉप कमी की दोन, याचा हिशेब एकदा करून पाहिला की पुढे पाठ राहतो. माथ्यावरच्या सूर्यात कपाळावर पडणारा उजेड १ मानला तर डोळ्यांच्या खोबणीत १/८ असतो. म्हणजे प्रमाण आठास एक. एक स्टॉप कमी ठेवलेली फ्लॅश दोन्ही ठिकाणी १/२ भर घालते. कपाळ दीड होते, खोबण ५/८ होते. प्रमाण आठास एकवरून जवळजवळ अडीचास एक इतके खाली येते. दोन स्टॉप कमी ठेवली तर भर १/४ ची पडते, कपाळ सव्वा आणि खोबण ३/८, म्हणजे प्रमाण साधारण सव्वातीनास एक. पहिल्या चित्रात चेहरा उजळ आणि थोडा सपाट दिसेल, दुसऱ्यात सावली राहील पण तिच्या आत डोळे दिसतील. आमची पसंती दुसऱ्याकडे झुकते. वृद्ध चेहऱ्यांच्या बाबतीत तर निश्चितच, कारण त्या सावल्यांतच चेहऱ्याची घडण असते. बालवाडीतल्या मुलांना एक स्टॉप शोभतो. या हिशेबात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. फ्लॅशमुळे कपाळही उजळते. म्हणून एक स्टॉपची फ्लॅश वापरताना ॲपर्चर अर्धा स्टॉप बारीक करावे, नाहीतर डोळे मिळतात आणि कपाळ जाते.

भन्तेंचे छायाचित्र ही याची खरी परीक्षा असते. मुंडन केलेल्या मस्तकावर माथ्यावरचे ऊन थेट पडते आणि तिथला तपशील सर्वांत आधी नाहीसा होतो, त्याच वेळी डोळे सर्वांत खोल सावलीत असतात. चीवराचा रंग खालून हनुवटीवर उतरतो तो वेगळाच. अशा वेळी मस्तकावरील उजेड आधार मानून सूर्याचे माप घ्यावे आणि डोळे फ्लॅशवर सोपवावेत. त्यांना दोन पावले मंडपाच्या कडेला यायची विनंती करता आली तर त्याहून उत्तम.

उभे राहण्याची जागा आणि दिशा हा निम्मा विषय आहे. ‘सूर्य छायाचित्रकाराच्या पाठीशी हवा’ हा जुना उपदेश चेहऱ्यासाठी फारसा कामाचा नाही. समोर सूर्य आला की माणूस डोळे बारीक करतो, कपाळाला आठ्या घालतो आणि चित्रात रागावलेला दिसतो. सूर्य तिरपा असेल, सकाळी नऊला किंवा दुपारी चारनंतर, तर व्यक्तीला सूर्याकडे पाठ करून उभे करावे. आता सगळा चेहरा एकसारख्या सावलीत येतो, डोळे मोकळे उघडतात, केसांच्या आणि खांद्यांच्या कडेला उन्हाची रेघ उमटते. सूर्याचे माप मागच्या दृश्यासाठी घ्यावे आणि चेहऱ्याला एक स्टॉप कमी फ्लॅश द्यावी. सावलीतील १/८ आणि फ्लॅशची १/२ मिळून ५/८, म्हणजे चेहरा मागच्या उन्हापेक्षा जरासाच कमी उजळ. हे डोळ्यांना खरे वाटते. फ्लॅश पूर्ण दिली तर चेहरा मागच्या शेताइतकाच उजळतो आणि माणूस कापून चिकटवल्यासारखा दिसतो. गावोगावच्या शुभेच्छा फलकांवर असे चेहरे आपण रोज पाहतो.

स्वयंचलित फ्लॅशविषयी एक इशारा. कॅमेरा आधी एक क्षीण चमक सोडून समोरून किती प्रकाश परत येतो ते पाहतो आणि त्यावरून फ्लॅशची ताकद ठरवतो. या पद्धतीला टीटीएल म्हणतात. समोर पांढरी साडी असेल तर भरपूर प्रकाश परत येतो, यंत्राला वाटते काम झाले, आणि चेहरा तसाच राहतो. म्हणून शुभ्र वस्त्रांतील व्यक्तीसाठी फ्लॅशची भरपाई उणे दोनवर न ठेवता उणे एक किंवा त्याहूनही वर न्यावी लागते. काळ्या कोटातील वकिलाला याच्या उलट. काही कॅमेऱ्यांत चेहऱ्यावर माप घेऊन ते कुलूपबंद करण्याची सोय असते. ती असेल तर हा सारा खटाटोप वाचतो. नसेल तर फ्लॅश हाताने चौथ्या किंवा आठव्या हिश्शावर लावावी, एक चित्र घ्यावे, पाहावे, एक पाऊल पुढे किंवा मागे व्हावे. हाताने लावलेली फ्लॅश साडीचा रंग पाहून मन बदलत नाही.

गडद त्वचेवर आणखी एक गोष्ट घडते. घामाने किंवा तेलाने ओलसर झालेला गाल फ्लॅशचा प्रकाश आरशासारखा परत फेकतो आणि पांढरा ठिपका उमटतो. गोऱ्या त्वचेवर तो लपतो, काळ्या त्वचेवर उठून दिसतो. स्वच्छ रुमालाने चेहरा टिपून घेणे हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय. दुसरा उपाय म्हणजे फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून हातभर बाजूला आणि थोडी उंच धरणे. एखादा विद्यार्थी ती आनंदाने धरतो, वायर किंवा रेडिओ ट्रिगर तेवढा हवा. असे केल्याने चष्म्यावरची चमकही बहुधा टळते. फ्लॅशवर लावायची दुधी प्लास्टिकची टोपी मात्र मैदानात काढून ठेवावी. खोलीत तिचा प्रकाश भिंती आणि छतावरून परत येतो. मैदानात भिंती नाहीत, छत नाही, तो नुसता आभाळात जातो.

मागचे दृश्य धूसर करण्याची हौस आता सर्वांना आहे. त्यासाठी एफ २.८ सारखे मोठे छिद्र हवे, आणि भर उन्हात त्याला १/४००० सेकंद लागतो. तो सिंक स्पीडच्या फार पुढे गेला. हाय-स्पीड सिंक नावाची सोय असलेल्या फ्लॅश अशा वेळी एका चमकेऐवजी अतिशय जलद चमकांची मालिका सोडतात, पण त्यात ताकद इतकी विरते की फार जवळ जावे लागते. भिंगावर करडी काच लावणे हा दुसरा मार्ग. आमच्या मते शाळेच्या समारंभात याची गरज नाही. मागे जे दिसते ती शाळाच असते, ती दिसू द्यावी.

रंगाचे एवढेच पाहायचे की फ्लॅशचा प्रकाश दुपारच्या उन्हाच्या रंगाचा असतो. संध्याकाळच्या सोनेरी उन्हात तो निळसर वाटतो. तेव्हा फ्लॅशवर फिकट नारिंगी पारदर्शक कागद चिकटवावा.

ज्यांच्याकडे फक्त मोबाइल आहे, त्यांनी त्यातील एलईडीकडून उन्हात काही अपेक्षा करू नये. हातभर अंतरापलीकडे तिचा उजेड उन्हात जाणवतच नाही. मोबाइल दोन-तीन चित्रे जोडून सावली उचलून देतो. ते पुष्कळदा पुरते, पण चेहरे मळकट होतात. त्यापेक्षा पांढरी चादर किंवा थर्मोकोलचा मोठा तुकडा दोघांनी व्यक्तीसमोर छातीच्या उंचीवर असा धरावा की त्यावरचे ऊन चेहऱ्यावर परतेल. फार खाली धरू नये, खालून आलेला उजेड चेहरा भेसूर करतो. चंदेरी कागद टाळावा, त्याने डोळे दिपतात. चुन्याने रंगवलेली भिंत हा तर फुकटचा दिवा आहे. तिच्यावर ऊन असेल आणि व्यक्ती समोरच्या व्हरांड्याच्या कडेला, सावलीत, भिंतीकडे तोंड करून उभी असेल, तर फ्लॅशची आठवणही येत नाही. कडुनिंबाखाली उभे करताना पानांतून पडणारे कवडसे चेहऱ्यावर येत नाहीत ना, हे पाहावे. एका गालावरचा कवडसा कोणतीही फ्लॅश मिटवू शकत नाही.

समूहचित्राचा प्रश्न उरतो, आणि तोच सर्वांत अवघड आहे. फ्लॅशचा प्रकाश अंतराच्या वर्गाने घटतो. पहिली रांग तीन मीटरवर आणि शेवटची साडेचार मीटरवर असेल तर शेवटच्या रांगेला निम्म्याहून कमी प्रकाश मिळतो. तेच सहा आणि साडेसात मीटर केले तर फरक दीडपटीच्या जवळ येतो. म्हणून मागे सरकावे, आणि फ्लॅश शेवटच्या रांगेच्या चेहऱ्यांकडे वळवावी, म्हणजे पहिल्या रांगेला झोताची कडच मिळते. सहा मीटरवर गाइड नंबर ३६ ची फ्लॅश एफ ११ ला दोन स्टॉप कमी इतकीच पोहोचते, पण आपल्याला तेवढाच हवा होता. त्याच ताकदीच्या दोन फ्लॅश शेजारी शेजारी लावल्या तर अंतर १.४ पटीने वाढते. साठ-सत्तर जणांच्या समूहाला एक-दोन लहान फ्लॅश पुरत नाहीत. तिथे इमारतीच्या सावलीची बाजू शोधून सगळ्यांना तिकडे नेणेच योग्य, मग कमान मागे आली नाही तरी चालेल. मे महिन्याच्या उन्हात पूर्ण ताकदीने ओळीने चमकवलेली फ्लॅश तापते आणि काही काळ बंद पडते. प्रत्येक चमकेनंतर तिला भरायला वेळ द्यावा, सोबत चार्ज केलेल्या पेन्सिल सेलचा दुसरा संच ठेवावा, आणि फ्लॅश गार होईपर्यंत मंडळींनाही सावलीत बसू द्यावे. उंच मुले मागे आणि ठेंगणी पुढे हे सर्वांना ठाऊक असते. चष्मा लावणाऱ्यांना मात्र रांगेच्या दोन्ही टोकांकडे उभे करून हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगावे, आणि डोक्यावरच्या टोप्या छायाचित्रापुरत्या काढून हातात धरायला लावाव्यात, कारण टोपीच्या कडेची सावली नेमकी डोळ्यांवरच पडते.